चाळिशी ते साठी : मधल्या वयाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रविवारी सकाळी दहाबारा जण जमतो, सगळे चाळीस ते साठच्या मधले. चहा होतो, गप्पा होतात, कधी कधी कोणी रडतं पण. दोन वर्षं झाली आणि लक्षात आलं की माणसं बदलतात पण प्रश्न तेच येतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. मी डॉक्टर नाही. एका पतपेढीत सव्वीस वर्षं नोकरी करतेय, वय ५०, घरात ७५ वर्षांची आई आणि २४ वर्षांचा मुलगा. जे वाचलंय आणि जे ऐकलंय त्यातून लिहितेय.

मिडलाइफ म्हणजे नक्की कितव्या वर्षापासून?

पुस्तकी उत्तर साधारण ४० ते ६०. पण हा आकडा कुठे दगडावर कोरलेला नाहीये. मी जन्मले १९७५ ला, त्या सुमारास भारतात सरासरी आयुष्यमान ५० च्या आसपास होतं, आता ते ७० च्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे पन्नाशीत जायचे असं नाही हां, लहान मुलं खूप दगावायची म्हणून सरासरी खाली यायची. पण पन्नाशी म्हणजे आवरतं घ्यायचं वय हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. माझी आजी पन्नाशीची असताना आख्खी चाळ तिला म्हातारी म्हणायची आणि तिलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी आज त्याच वयाची आहे, घराच्या कर्जाचे चार वर्षांचे हप्ते बाकी आहेत, आणि परवा ऑफिसने मला नवीन सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला पाठवलं. शरीर तेच, वय तेच, पण त्या वयाकडून लोकांच्या ज्या अपेक्षा असतात त्या पूर्ण वेगळ्या. आपल्याकडे जवळचं वाचायच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात ना, तो चष्मा तेवढा अजून वेळेवर लागतो, बाकी सगळं वेळापत्रक हललंय.

वेळापत्रक म्हणजे? कोणी ठरवलं ते?

१९६० च्या दशकात शिकागोला बर्निस न्यूगार्टन नावाच्या बाई होत्या, माणसाचं वय वाढतं तसं काय होतं याचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी एक कल्पना मांडली, सोशल क्लॉक. म्हणजे शिक्षण कधी संपावं, लग्न कधी व्हावं, मूल कधी, घर कधी, याचं एक घड्याळ समाज चालवत असतो आणि आपण त्याच्या पुढे आहोत का मागे हे प्रत्येकाला आतून माहीत असतं, कोणी सांगायला लागत नाही.

मी लालबागला वाढले त्यामुळे मला हे वाचल्यावर भोंगाच आठवला. गिरणीचा भोंगा झाला की कोणी उठायचं, कोणी डबा भरायचा, कोणी परत येणार, सगळं ठरलेलं, घड्याळ नसलं तरी चालायचं. अपेक्षांचं तसंच आहे. तिशीच्या आत लग्न, पस्तिशीच्या आत दुसरं मूल, पंचेचाळिशीला स्वतःचा फ्लॅट, पन्नाशीला मुलाचं सेटल होणं, साठीला नातवंड. आणि गंमत नाही, खरं सांगते, आमच्या ग्रुपमधे जे लोक त्रासात असतात त्यातले बरेचसे आजारी नसतात की कंगाल नसतात, ते फक्त या भोंग्याला उशिरा पोचलेले असतात.

हे मिडलाइफ क्रायसिस वगैरे परदेशी फॅड आहे ना?

शब्द परदेशी आहे. एलियट जॅक्स नावाच्या कॅनडात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने तो १९६५ मधे एका लेखात वापरला. त्याचं म्हणणं होतं की पस्तिशीनंतर कधीतरी माणसाला आपण खरंच मरणार आहोत हे पहिल्यांदा जाणवतं. नंतर अमेरिकेत यावर मोठाले अभ्यास झाले आणि दिसलं असं की बहुतेकांना नुसत्या वयामुळे असं काही संकट येत नाही. जे हलतात ते घटनांनी हलतात, नोकरी गेली, आजारपण आलं, आईवडील गेले, घटस्फोट झाला. आपल्याकडे त्यात अजून एक भर घाला, आपल्या घरात हे वय एकट्याचं नसतंच. मला काय हवंय हा प्रश्न डोक्यात येईपर्यंत आईची बीपीची गोळी आणि मुलाची फी समोर उभी असते.

आमच्या आईवडिलांना कुठे होतं असलं काही? ते तर किती शांत होते.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि मला याचं उत्तर लांबच द्यायचंय.

माझे बाबा गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ३८ वर्षांचे होते आणि मी सात. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, डॉक्टर दत्ता सामंत नेते, सगळ्यांना वाटलं दोनतीन महिन्यांत मिटेल. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आम्ही आठ महिने गावी राजापूरकडे राहिलो, मग परत आलो, आणि बाबा एका बिल्डिंगवर वॉचमन लागले, पगार निम्म्याहून कमी. पण मधले जे महिने काम नव्हतं, तेव्हा ते पहाटे साडेपाचला उठायचे, आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. सात वाजेपर्यंत. पहिली पाळी सुरू व्हायची वेळ होईपर्यंत. मग आत येऊन शर्ट काढून परत खुंटीला लावायचे.

आम्हाला वाटायचं बाबा शांत आहेत. आता मी त्यांच्या त्या वयाच्या बारा वर्षं पुढे आलेय आणि मला कळतं ते काय होतं. घर चालवणारा पुरुष ही एकच ओळख होती त्यांच्याकडे, आणि ती गेल्यावर दुसरी कुठली चालेल हे कोणी शिकवलं नव्हतं.

आई तेव्हा ३२ ची. संपाआधी ती खानावळ चालवायची, गावाकडचे नऊ जण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांमधे जेवायचे. संप झाला तशी त्यांच्याकडेही पैसे नाहीत, खानावळ बंद, मग तिने दादरला घरकामं धरली. तिला मधलं वय वगैरे काही मिळालंच नाही, तिशीतून ती डायरेक्ट थकलेल्या वयात गेली. त्यामुळे प्लीज, जुनी पिढी समाधानी होती हे वाक्य कोणी बोललं की मला फार लागतं. त्यांना विचारलंच नव्हतं कोणी.

मग आपल्या पिढीचं, म्हणजे सत्तर ते पंच्याऐंशीच्या मधे जन्मलेल्यांचं, वेगळं काय आहे?

आपण एका पद्धतीने वाढलो आणि दुसऱ्याच पद्धतीत जगलो. लहानपणी सांगितलं गेलं शिक, सरकारी नाहीतर बँकेत लाग, चिकटून रहा, पेन्शन येईल. मी दहावीला होते त्याच १९९१ मधे अर्थव्यवस्था खुली झाली. त्याच्या आधी १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघायला लागली होती, त्यामुळे ज्यांच्या बापाकडे चार पैसे किंवा तारण ठेवायला जमीन होती ती मुलं इंजिनिअर झाली आणि नव्वदच्या शेवटी कॉम्प्युटरची लाट आली त्यात अमेरिकेला गेली. एकाच वर्गातल्या दोन मुलांमधला फरक इतका मोठा कधीच झाला नव्हता. बाबांच्या वेळी सगळी चाळ एकाच भोंग्यावर उठायची, पगारही उन्नीस बीस. माझ्या दहावीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जण कॅलिफोर्नियात आहे आणि एक जण रिक्षा चालवतो, आणि दोघंही रोज गुड मॉर्निंग टाकतात. ही तुलना रोज सकाळी हातात येते, हे आपल्या पिढीलाच पहिल्यांदा झालंय.

पेन्शनचं घ्या. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर जो लागला त्याला सहसा जुनी पेन्शन नाही. आमच्या ग्रुपमधे दोन शिक्षक आहेत, एकजण त्याच्या आधीच्या जूनमधे लागला, दुसरा नंतरच्या जूनमधे. काम तेच, शाळा तीच, पण एकाला साठीनंतरची झोप आहे आणि दुसऱ्याला नाही. मार्च २०२३ मधे याच मागणीवर राज्यभर कर्मचारी संपावर गेले तेव्हा तो दुसरा मला म्हणाला, ताई, तुझ्या बाबांचा संप मला आत्ता समजला.

तो फॉरवर्ड खरा आहे का, की आपण आईवडिलांचं ऐकणारी शेवटची पिढी आणि मुलांचं ऐकणारी पहिली पिढी?

मला नाही पटत. त्यात आपण बिच्चारे ठरतो आणि बाकी दोन्ही पिढ्या आपोआप स्वार्थी ठरतात. माझी आई सासूचं ऐकायची ते प्रेमाने नाही, पर्याय नव्हता म्हणून. आणि माझा मुलगा माझं ऐकत नाही असंही नाही, तो वाद घालतो, कारण त्याला वाद घालायची परवानगी आपणच दिलीय.

आईवडील एका बाजूला, मुलं एका बाजूला, मी मधे पिळून निघतेय. हे सगळ्यांचंच आहे का?

जवळजवळ. याला सँडविच जनरेशन म्हणतात, हा शब्दही १९८१ चा आहे. पण आपल्याकडे ते आता जास्त का बोचतं त्याचं एक साधं गणित आहे. माझ्या आजीला सहा मुलं, त्यामुळे म्हातारपणी ती फिरत राहिली, दोन महिने याच्याकडे दोन महिने त्याच्याकडे. आम्ही दोन भावंडं. माझा मुलगा एकटा. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १.७. आणि म्हातारी माणसं जास्त वर्षं जगतायत, जगूदेत, पण मधुमेह, गुडघे, विसरभोळेपणा हे सगळं घेऊन जगतायत. म्हणजे काळजी घ्यायची वर्षं वाढली आणि हात कमी झाले. अपेक्षा मात्र सहा मुलांच्या घरातलीच राहिली, की घरातल्याच कोणीतरी केलं पाहिजे, बाहेरची बाई ठेवली तर नातेवाईक नाक मुरडणार.

आणि ते घरातलं कोणीतरी म्हणजे सून किंवा लेक, हे पण बोलूनच टाकू. पुरुष पैसे देतात, दवाखान्यात गाडीने नेतात, ते पण काम आहे, नाही म्हणत नाही. पण रात्री तीनला चादर बदलायला कोण उठतं ते विचारा. माझ्या मैत्रिणीने सासऱ्यांचं चार वर्षं केलं, नोकरी सोडली, आणि तेराव्याला सगळे म्हणाले मुलाने बापाची सेवा केली.

व्यवहाराचं सांगते. केअरटेकर बाई ठेवणं म्हणजे आईला टाकणं नाही. भावंडांमधे वर्षातून एकदा बसून कोण किती दिवस आणि कोण किती पैसे हे लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ज्यात आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, तो मुलींनाही लागू आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मी लग्न झालेली मुलगी आहे. माहेरच्या आईवडिलांचं करायचं तर सासरचे नाराज, आणि भाऊ हक्कसोडीवर सही मागतोय. काय करू?

सही घाईत करू नका, आधी वकिलाला कागद दाखवा. हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मधेच दिला होता पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या, २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ते गेलं आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असोत की नसोत, मुलीचा हक्क आहे. (जुन्या झालेल्या वाटण्या वगैरेचे अपवाद आहेत, म्हणून वकील.)

पण मला माहितीये की प्रश्न कायद्याचा नाहीये. भीती ही असते की सही नाही केली तर माहेर तुटेल, भाऊबीजेला कोणाकडे जायचं. आमच्या ग्रुपमधे एकीने सही केली आणि एकीने नाही केली, दोघी पन्नाशीच्या. जिने केली तिला भाऊ आता आईला तिच्याकडेच ठेव म्हणतोय. कर्तव्यात मुलगी आली, हिश्श्यात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते तिच्या तोंडावर बोलले पण.

पाळी अनियमित झालीय, रात्री घाम येतो, उगाच रडू येतं. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. एवढंच?

भारतात पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्य देशांपेक्षा लवकर. आणि त्याच्या आधीची काही वर्षं शरीर असं खालीवर होतच असतं, झोप, घाम, धडधड, विसरणं, चिडचिड. उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञाशी नीट बोला, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासा. एक वर्ष पाळी बंद राहून नंतर परत रक्त गेलं तर मात्र अजिबात थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

पण एक गोष्ट मला इथे लिहायचीच आहे. आपण शहरातल्या बायका मेनोपॉजबद्दल बोलतो तेव्हा बीडच्या ऊसतोड बायका माझ्या डोळ्यासमोर येतात. २०१९ मधे सरकारी समितीसाठी तिथे ८२,३०९ ऊसतोड महिलांचा सर्व्हे झाला, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर दंड, पाळीत फडावर ना संडास ना पाणी. मग कटकटच नको म्हणून पिशवी काढायची. तिशीत. त्यांचं मधलं वय ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होतं, आणि पुढे पाठ, सांधे, हाडं सगळं लवकर म्हातारं होतं. तेव्हा वय हे सगळ्यांना एकाच वेळी येतं असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

माझा नवरा ५२ चा आहे, घरी येतो, टीव्ही लावतो, बोलतच नाही. पिणं पण वाढलंय.

समोर बसून काय झालं तुम्हाला असं विचारलं तर बहुतेक पुरुष काही नाही म्हणतात. बरोबर चालताना, गाडीत, काहीतरी काम करता करता बोलतात. आमच्याकडे एक काका सहा महिने नुसते येऊन बसायचे, एक दिवस चहाचे कप विसळताना म्हणाले की ऑफिसात माझ्या मुलाच्या वयाचा मॅनेजर आहे आणि मला त्याच्यासमोर उभं राहताना पाय थरथरतात. त्यांच्या बायकोला हे माहीत नव्हतं.

पिणं वाढलं असेल तर ते स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, घरच्यांशी पण बोलतात ते.

४८ व्या वर्षी नोकरी गेली. आता कोण घेणार?

कठीण आहे, खोटं नाही सांगणार. पगार बहुतेक कमी मिळेल, पद खाली येईल. पण घरात सांगा. रोज बॅग घेऊन बाहेर पडून गार्डनमधे बसणारा माणूस मी पाहिलाय, तीन महिने बसला. त्याच्या मुलीला कळलं तेव्हा ती नोकरीवरून चिडली नाही, एवढे दिवस आम्हाला सांगितलं नाहीत यावरून चिडली.

लग्न नाही झालं, आता ४१. प्रत्येक कार्यक्रमात तेच विचारतात.

मुलगी असेल तर राहिली म्हणतात, मुलगा असेल तर काहीतरी प्रॉब्लेम असेल म्हणतात. गावाकडे शेती करणाऱ्या मुलांचं तर फारच अवघड झालंय, डिसेंबर २०२२ मधे सोलापुरात लग्न न झालेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. बातम्यांमधे लोक हसले. मला हसू नाही आलं. मुलींची संख्या कमी केली आपणच, शेतीचं उत्पन्न बेभरवशाचं, आणि गावात लग्न झाल्याशिवाय माणूस पूर्ण धरत नाहीत, मग त्या चाळिशीच्या मुलाने करायचं काय. त्याचं मधलं वय सुरूच होत नाही, तो पन्नाशीपर्यंत पोरगाच राहतो.

नवरा गेल्यावर बाईने किती बदलायचं?

अजिबात नाही, असं माझं मत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मधे ग्रामसभेत ठराव केला की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एवढंसं गाव करू शकतं तर आपण शहरातल्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला बोलावणं तरी करू शकतो. बाबा २००९ ला गेले. आई त्यानंतर कुठल्याच हळदीकुंकवाला गेली नाही, तीन वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावरच्या एका सुनेने तिला हात धरून नेलं आणि कुंकू लावलं. आई घरी येऊन बराच वेळ आरशासमोर उभी होती.

मुलगी म्हणते लग्न करणार नाही. माझी झोप उडालीय.

तिची उडालीय का ते आधी बघा. नसेल तर थांबा.

मदत कधी घ्यायची?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप, भूक, कामात लक्ष लागणं बिघडलं असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे पण थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एकदा लावलाय, आईच्या ऑपरेशननंतर. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं.

तुम्ही तुमच्या आईला कधी विचारलंत का, तिचं हे वय कसं गेलं?

हा प्रश्न गेल्या महिन्यात ग्रुपमधल्या एका नवीन मुलाने विचारला (मुलगा म्हणजे ४२ चा). मी गप्प झाले, कारण नव्हतं विचारलं. घरी येऊन विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ते वय होतं होय, मला वाटलं नुसता संप होता. मग थोड्या वेळाने म्हणाली, तुझ्या बाबांचा गिरणीचा पास ट्रंकेत तळाला आहे, काढून दे, नातवाला दाखवायचाय.